जत्रेचा कोंबडा आणि अर्धं राहिलेलं नाटक

साल एकोणीसशे चौतीस. माझं वय चोवीस, असं शाळेच्या दाखल्यावरून निघतं. तो दाखला मास्तरांनी आमच्या आयेला "मोठा पूर आला तेव्हा पोर केवढं होतं?" असं विचारून लिहिलेला, म्हणजे वर्ष-दोन वर्षं इकडं-तिकडं धरायची. तू वीसची असशील. तुझा तर दाखलाच नव्हता. त्या साली महाडच्या जत्रेत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून पेन्सिल मी अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरतो. अक्षर वाकडं येतं. येऊ दे. तुला वाचता येत नव्हतंच.

सगुणे.

हे बघ, लिहिलं. उभ्या जन्मात तुला नावानं हाक मारली नाही. "अगो", "ऐकलंस काय", आणि रागात असलो की "कुठं मेलीस गो?" परवा दुपारी सवयीनं तसाच ओरडलो. ओटीवर भेटायला आलेली माणसं बसली होती, ती सगळी माझ्याकडं बघायला लागली. थोरल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. साठीच्या घरात आलेलं, टक्कल पडलेलं पोर, बापाला काय धीर देतंय!

मसणात त्याच्या हातात मडकं दिलं होतं फोडायला. मी हिसकावून घेतलं आणि दगडावर असं आपटलं, की एक खापर उडून भटजीच्या नडगीला लागलं. रक्त आलं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलं. वेड बिड काही नाही. मला कुणाचं तरी डोकं फोडायचं होतं, मडकं सापडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "फोडलंत ना? आता नवं आणा."

मला राग आलाय तुझा. मेलीस म्हणून नाही, सगळेच मरतात. मरायच्या आधी जे बोललीस त्याचा. पण ते मागाहून. आधी कोंबडा.

आपल्या घरात पैसा होता, पण तो दादाच्या कनवटीला. हिरडा मी गोळा करायचा, कोळसा मी पाडायचा, तूप आयेनं कढवायचं, आणि बाजारात जाऊन पैसा दादानं कनवटीला लावायचा. थोरला भाऊ, कारभारी. त्याचंही चुकीचं नव्हतं, घर त्याच्यावरच चाललं होतं. पण विडीला पैसा हवा तरी मी त्याच्यापुढं उभा राहायचो, आणि मला ते जमत नव्हतं. म्हणून मी विडी सोडली.

तू लग्नात काखेला टोपली मारून एक बोडक्या मानेची कोंबडी आणलीस माहेरून. कोंबड्या बायकांच्या. त्यांच्या पैशाला घरातला पुरुष हात लावत नाही, ही आपल्याकडची रीतच. पहिल्याच साली, गोठ्यात शेण भरता भरता तू मला विचारलंस, "तुमी कदी नाटक बघितलंय काय?"

"नाय."

"मी पन नाय. जत्रेला कंपनी येते म्हनं महाडात. कापडाचा मोठा मांडव घालतात."

"तिकीट पडतं त्याला."

"ह्या खेपेच्या पिलांत एक कोंबडा हाय. त्याला जत्रेपातुर वाढवू."

तोच पहिला जत्रेचा कोंबडा. शेजारच्या बायका हसल्या. नवरा-बायको दोघंच जत्रेला जातात, देवाला नवस नाही, पोराला औषध नाही, उगाच मजा करायला, असं आपल्या वाडीत कुणी केलं नव्हतं. आपण केलं. शिवरात्रीनंतर, पोलादपूरपर्यंत उतरायचं, तिथून महाडपर्यंत चालत. मोटारीला पैसे घालायचे नाहीत. भाकरी बांधून न्यायची. कोंबडा महाडात विकायचा. आलेल्या पैशात दोन तिकिटं रात्रीच्या खेळाची, तुला बांगड्या, एक पेला उसाचा रस दोघांत, आणि उरेल त्याचे पेढे नाहीतर फुटाणे. तुझा एकच नियम होता आणि त्यावरून तू माझ्याशी भांडलीससुद्धा: जत्रेचा पैसा घरात न्यायचा नाही. मी म्हणायचो, दोन आणे उरलेत, राहू दे अडीअडचणीला. तू म्हणायचीस, "घरात गेला की तो घरचा झाला. घरचा म्हंजे भाऊजींचा. सावित्री ओलांडायच्या आत खाऊन टाका." आणि नदीकाठी बसून आपण खरोखरच शेवटच्या दिडकीचे फुटाणे खायचो. पोट भरलेलं असलं तरी. चढण चढताना तुला ढेकर यायचे आणि तू तोंडावर पदर धरून हसायचीस.

मांडवात बायकांची बाजू वेगळी, मध्ये जाड दोर. तू तिकडं, मी इकडं. पैसे देऊन नाटक बघायला गेलो आणि मी निम्मा वेळ दोराकडेच बघत बसलो, कारण हसायची जागा आली की तू मान वळवून मला शोधायचीस, मी हसलो की नाही ते बघायला. एवढ्या गर्दीत बरोबर सापडायचो तुला.

अशी दोन सालं झाली. तिसऱ्या साली दिवाळीच्या सुमाराला थोरला झाला.

माणसं म्हणतात, पोर झालं की नवरा-बायकोचं सगळं पोराचं होतं. तुला ते मान्य नव्हतं. बाळंतपणाच्या खाटेवरूनच तू मला विचारलंस, "कोंबडा खातोय ना नीट?" मी म्हटलं, या साली कसलं जाणं होतंय. तू माझ्याकडं असं बघितलंस, की मी गपचूप जाऊन कोंबड्याला दाणे टाकले.

मग ती सकाळ. पोर नुकतं मान धरायला लागलेलं. जत्रा दोन-चार दिवसांवर. उठून अंगणात आलो तर आपल्या कोंबड्याच्या पायात काळा दोरा.

ज्याच्या पायात काळा दोरा तो राखणदाराचा. थोरलं पोर झालं की शिमग्याच्या आधी वेशीवरच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा, म्हणजे तो पोराला राखतो. एकदा दोरा बांधला की तो कोंबडा विकायचा नाही, दुसऱ्या कामाला मारायचा नाही. दोरा कधी सोडायचाच झाला तर बांधणाऱ्याच्याच हातानं सोडायचा. दुसऱ्यानं सोडला तर राखण उलटते. हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि आजही कुणी मला तो दोरा सोड म्हटलं तर माझा हात कचरेल. अंगणात घरचे इतके कोंबडे हिंडत होते. दोरा आपल्याच कोंबड्याला बांधला होता.

दादा ओटीवर दात घासत बसला होता. भावजयीशी तो थेट बोलत नसे, भिंतीला सांगायचा. भिंतीला म्हणाला, "ज्यांना पोर झालंय त्यांनी आता घरात बसावं. जत्रा काय पळून जात नाय. आनी देवाचा कोंबडा काय बाजारात जात नाय."

तू विळीवर बसली होतीस. उठलीस. कोंबडा धरलास, पाय विळीच्या पात्याला लावलास आणि दोरा कचकन कापलास. आये किंचाळली. मला वाटलं, झालं एवढंच. तू तो दोरा मुठीत घेऊन थेट दादाच्या झुंजीच्या कोंबड्याकडे गेलीस.

तो तांबडा कोंबडा दादाचा जीव होता. पाच गावांचे कोंबडे फाडलेले त्यानं. दादा स्वतः अर्धी भाकरी खाईल, पण तांबड्याला भिजवलेले दाणे आणि मधाचं बोट. तू डालग्यात हात घातलास. त्यानं तुझं मनगट फोडलं, रक्त कोपरापर्यंत आलं, तरी तू त्याला बगलेत दाबून त्याच्या पायात दोरा बांधलास. गाठ दातांनी आवळलीस. आणि पहिल्यांदाच, डोक्यावरचा पदर न सारखा करता, दादाच्या तोंडाकडं बघून बोललीस.

"भाऊजी, देवाला द्यायचं तर घरातलं चांगल्यात चांगलं द्यावं, असं तुमीच सांगता ना सगळ्यांना? मंग हा घ्या. ह्याच्याहून चांगला कोंबडा हाय काय घरात?"

दादा उठून तांबड्याजवळ गेला. गाठीकडे हात नेला. मागं घेतला. परत नेला, परत मागं घेतला. बांधलेला दोरा सोडायची त्याची छाती नव्हती. ते त्याला कळलं, तुला कळलं, आणि आपल्या सगळ्यांना कळलं हेही त्याला कळलं.

त्यानं तुझा अंबाडा धरला आणि तुझं डोकं ओटीच्या लाकडी खांबावर, मेढीवर आपटलं. एकदाच. पण आवाज असा झाला की पोर आत झोपेतून रडत उठलं.

मी मुसळ उचललं. पहिला घाव त्याच्या पाठीत घातला, दुसरा खांद्यावर. तो गुडघ्यावर बसला. तिसरा मी डोक्याचा धरला होता, खोटं कशाला बोलू, डोक्याचाच. आये मध्ये आडवी पडली म्हणून घाव मेढीवर बसला. मेढीचा उडालेला टवका तू पुढं कितीतरी सालं आल्या-गेल्याला दाखवायचीस, "हा ह्यांचा, आनी ही खोक माझी," असं कपाळावर बोट ठेवून. त्या वेळी मात्र तू कपाळावर हळद दाबलीस, पोराला उचललंस आणि म्हणालीस, "कोंबडा घ्या. बोडक्या मानेची अंड्यांवर बसलीय, तिला दाना टाकायला आयेला सांगा. चला."

जत्रेला दोन दिवस होते. ते आपण खळ्यावरच्या खोपीत काढले. दादा दुसऱ्या दिवशी येऊन लांब उभा राहिला. "तिला सांग, दोरा सोडून जा म्हनावं. बांधलाय तिनं, तिनंच सोडायला पायजे. नायतर भांडी बाहेर टाकीन."

"टाक," मी म्हटलं.

या खेपेला सगळाच हिशेब बदलला. पोलादपूरहून मोटार घ्यावी लागली, उन्हात पोराला घेऊन किती चालणार. रात्रीचा खेळ बाद, दुपारचा. कोंबडा एका खाणावळवाल्यानं अठरा आण्यांना घेतला; तो सोळाच्या वर जात नव्हता, तू कोंबडा त्याच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "वजन धरा. आता म्हना सोळा." त्याला म्हणवेना. बांगड्या तूच रद्द केल्यास, पोरगं ओढून फोडतं म्हणून. मला वाटलं पोराच्या डोक्याला एक कुंचडं घ्यावं. लाल होतं, गोंडा लावलेलं. तू माझा हात धरून मला दुकानापुढून ओढून काढलंस.

"पोराचं पोराच्या कोंबड्यातनं."

"अगो, तीन आण्यांचा सवाल हाय."

"त्याला अख्खा तांबडा दिलाय मी. हा आपला हाय. आपल्या दोघांचा."

धर्मशाळेच्या पायरीवर एक म्हातारी फुटाणे विकत बसायची. तिला तू विचारलंस, पोर सांभाळशील काय नाटक होईपर्यंत. म्हातारीनं पोर हातात घेऊन बघितलं, जसं कुणी कलिंगड बघतं.

"एक आना. रडलं तर दीड."

"आनी हसलं तर?"

"हसलं तर तुझं नशीब. दीड आना आधी दे, नाय रडलं तर अर्धा परत."

मला हे पटत नव्हतं. दीड आण्यात आणखी एक माणूस नाटक बघेल जवळजवळ. पण तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि दिला.

नाटक कसलं होतं! एक राजा कुणाच्या तरी चुगलीवरून राणीला रानात हाकलतो. राणी पुरुषाचा वेश करून परत येते, राजाच्याच पदरी नोकरी धरते, आणि राजा झोपलेला असताना तलवार उपसून त्याच्या छातीशी उभी राहते. तुझी मान वळली. हसायची जागा नव्हती ती. तुझ्या कपाळावरची हळद मांडवाच्या कापडातून येणाऱ्या उन्हात चमकत होती आणि तू मला शोधत होतीस. राणीचा हात वर होता. पेटी वाजायची थांबली होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला गलका झाला. दादा दोर तोडून आत घुसला होता.

"चल घरी! दोरा सोड! तुझ्या हातानं बांधलास, तुझ्या हातानं सोड!" त्यानं तुला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. बायका किंचाळत होत्या, कुणीतरी त्याच्या टाळक्यात पंखा हाणला. मी माणसांच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून, कुणाच्या अंगावर पाय पडला ते न बघता बाहेर आलो. रसाच्या दुकानापुढं ऊस रचलेला. तू हात सोडवून घेतला होतास आणि तुझ्या हातात ऊस होता. पहिला त्याच्या कानशिलात मोडला. दुसरा उचललास. दादाच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तो रडत होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तो रडत होता. "सोड गो, सोड तो दोरा, पाया पडतो," असं म्हणत होता आणि त्याच वेळी कमरेला पाठीमागं बांधलेल्या आकडीतून कोयता काढत होता.

"नाय सोडनार," तू म्हणालीस. "देवाला दिलं ते दिलं."

कोयता वर गेला. मी हात घातला.

तो घाव उसावर होता की तुझ्यावर, ते मला अजून ठाऊक नाही. दादा मरेपर्यंत म्हणत होता, उसावर. तू म्हणायचीस, माझ्यावर. मला फक्त एवढं ठाऊक आहे, की माझी दोन बोटं रसवाल्यानं पिळून टाकलेल्या चोयट्यांत पडली आणि त्याचं कुत्रं तिकडं धावलं. तू मोडक्या उसानं त्या कुत्र्याला असं झोडपलंस, की मी दुखणं विसरून बघत राहिलो.

दवाखान्यात टाके घालताना विचारलं, कुणी मारलं. मी म्हटलं, "ऊस तोडताना लागलं." आपली भांडणं आपल्या घरची, ती कुणाच्या वहीत कशाला! दादा बाहेर भिंतीशी बसून ओकत होता. तू त्याच्याजवळून गेलीस तेव्हा तो म्हणाला, "बघितलंस? कोंबडा दिला नाय तर देवानं बोटं घेतली." तू थांबलीस. "देवाला बोटं कशाला लागतात, भाऊजी? देवाला तांबडा पोचतोय शिमग्याला. बोटं तुमी घेतलीत."

पोर आणायला गेलो तर म्हातारीच्या मांडीवर ते मजेत गोंडा चोखत होतं, तिच्याच पिशवीचा. माझ्या फडक्यातून गळणारं रक्त म्हातारीनं बघितलं, तुझं कपाळ बघितलं, आणि कमरेची पिशवी सोडली.

"रडलं नाय," ती म्हणाली. "हा अर्धा आना परत."

मी म्हटलं, असू दे, म्हातारे. तू हात पुढं केलास आणि घेतलास. माझा हात तुटलेला, तुझं डोकं फुटलेलं, आणि तू अर्धा आणा मोजून घेतलास! मला तेव्हा तुझा इतका राग आला होता. आज, हे लिहिताना, तुझ्या त्या पुढं केलेल्या हातावर डोकं टेकावंसं वाटतंय.

शिमग्याला दादानं तांबडा राखणदाराला दिला. स्वतःच्या हातानं. दुसरा कुणी सुरी धरतो म्हणाला तर त्याला ढकलून दिलं. ज्याच्यासाठी तांबडा गेला, ते पोर आज टक्कल घेऊन ओटीवर बसलंय, म्हणजे राखणदारानं शब्द पाळला म्हणायचा. दादा गेला तेव्हा वाडीत सगळ्यांत मोठ्यानं तूच रडलीस. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणालीस, "आता भांडू कुनाशी? तुमच्याशी? तुमी तर लगेच मुसळ उचलता."

भांडलीस की पण माझ्याशी. पन्नासच्या वर सालं एकाच गोष्टीवरून भांडलीस. राणीनं राजाला मारलं की नाही.

तू म्हणायचीस, मारला. मी म्हणायचो, नाही मारला. पैसे देऊन मेलेला राजा बघायला कोण येईल? तू म्हणायचीस, "मी येईन." पुढच्या साली ती कंपनी आली नाही, त्याच्या पुढच्या सालीही नाही. दुसऱ्या कंपन्या आल्या, दुसरे कोंबडे विकले, आपण दर साली गेलो. एका साली एक पोर कडेला आणि एक पोटात घेऊन गेलीस. पण ते नाटक अर्धंच राहिलं. नांगर धरताना, हिरडा वाळवताना, पोरांची लग्नं ठरवताना, मध्येच तू म्हणायचीस, "मारलाच असंल हो." आणि मी हातातलं टाकून ओरडायचो, "नाय मारला!" सुना हसायच्या. त्यांना काय कळतंय.

आणि आता ते. गेल्या आठवड्यात, तुला पाणी पाजत होतो. तू माझ्या तुटक्या बोटांच्या जागी हात फिरवलास आणि म्हणालीस, "बरं. नाय मारला. तुमचं खरं."

मी पेला भिंतीवर फेकला. सुना धावत आल्या. तुला कुणी सांगितलं होतं हार मानायला? तुझ्या बापाशी, सासूशी, दादाशी, देवाशी हरली नाहीस, आणि माझ्याशी हरतेस? एका घोटभर पाण्यासाठी? तेव्हाच मला कळलं की तू चाललीस. म्हणून फेकला पेला. तू समजलीस, पाणी सांडलं म्हणून रागावलो. समजावून सांगायला वेळ होता, पण मी बाहेर जाऊन लाकडं फोडत बसलो. संध्याकाळपर्यंत फोडली. ती कशाला कामाला आली ते तू बघितलं नाहीस.

ही हार मी घेत नाही, सगुणे. परत घे.

माझी बोटं गेली त्या दिवशी संध्याकाळच्या मोटारीनं पोलादपूरला उतरलो, उरलेले आणे मोटारीतच गेले. तू त्या अर्ध्या आण्याचं मीठ घेतलंस. मी म्हटलं, जत्रेचा पैसा घरात न्यायचा नाही ना? तू म्हणालीस, "ते भाऊजींचं घर होतं." अंधारात चूड पेटवून चढलो. आपली भांडी अंगणाबाहेर पडली होती. ती उचलली तर हंड्यात, फडक्याखाली, नाचणीचं पीठ. आयेनं घातलेलं. खोपीत जाऊन पडलो. तू पोराला घेऊन झोपलीस, मी हात छातीशी धरून जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेलो आणि एकेक करून तीन दगड आणले, डाव्या हातानं, पोटाशी धरून. खोपीपुढं चूल मांडली. मग दादाच्या अंगणात गेलो. सगळी वाडी आपापल्या दारात उभी होती. दादा ओटीवर होता, सुजलेल्या तोंडानं, कोयता आकडीत. मी त्याच्यासमोरून कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेलो. तुझी बोडक्या मानेची अंड्यांवर बसली होती. ती अख्खी टोपली, कोंबडी न उठवता, मी डाव्या काखेत घेतली. लग्नात तू आणलीस तशीच. दादानं कोयत्याला हात घातला. मी थांबलो, पाठ त्याच्याकडे करून, त्याला घाव घालायचा तर घालता यावा म्हणून. त्यानं घातला नाही. मी चालत खळ्यावर आलो आणि टोपली चुलीच्या उबेला ठेवली.

तू खाली वाकून चूल फुंकत होतीस. धुरानं डोळे लाल झालेले. मान वर न करता म्हणालीस, "मारलाच असंल तिनं."

"नाय मारला," मी म्हटलं, आणि समोर बसून, दुसऱ्या बाजूनं फुंकायला लागलो.